बॅरीचं बाकडं

“दूध बंद, पेपर बंद, खिडक्या पुसणारा बंद, टीव्हीचं लायसन्स बंद, बाकडं बंद.” क्लाइव्हने एकेक बोट मिटत मूठ वळली आणि ती टेबलावर आपटली. “एका सकाळीत पाच कामं. आहे कोणाची टाप?”

बेव्हर्ली त्याच्या ताटातल्या सॉसेजवर ग्रेव्ही ओतत होती. ग्रेव्ही ताटाच्या कडेवरून खाली उतरली तरी तिचा हात थांबला नाही.

“कुठलं बाकडं?” त्यांच्या मुलीने, जोडीने, फोनमधून डोकं वर न काढता विचारलं. जोडी त्यांची एकुलती एक. घोडी झाली तरी अजून आईबापांच्याच घरात होती आणि आता त्यांच्याबरोबर फ्रान्सला निघाली होती. तिथे घेतलेल्या जुन्या घराच्या खोल्या सुट्टीवर येणाऱ्या लोकांना भाड्याने द्यायच्या, असा बापलेकीचा बेत होता.

“बॅरीमामाचं गं. समुद्रावरचं. दर वर्षी आपल्या खात्यातून त्याचे पैसे जातात. खातंच बंद करतोय, मग बाकडं कशाला चालू ठेवायचं? नगरपालिकेतली पोरगी काय गोड बोलली! म्हणाली, काही काळजी करू नका, बाकड्यासाठी कितीतरी माणसं रांगेत थांबलीत. अगं बेव्ह, ग्रेव्ही!”

“बरं,” बेव्हर्ली म्हणाली आणि फडकं आणायला उठली.

हे ‘बरं’ तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं होतं. ‘बरं’, ‘चालेल’, ‘माझं काही नाही’, ‘तुम्हाला उगाच त्रास’. थॉर्नसीत, इंग्लंडमधल्या त्यांच्या समुद्रकाठच्या गावात, सगळेच असं बोलतात. कुणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं आणि कुणी काही मागितलं की खुशाल घ्या म्हणायचं. समोरच्याने एकदा विचारायचं, आपण एकदा नाकारायचं, मग दोघांनी सुटलो बुवा म्हणून चहा प्यायचा. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे आगाऊपणा. अशाने मनातली गोष्ट माणसाबरोबर मातीत जाते, पण गावात कधी भांडण होत नाही.

फ्रान्सचं तसंच झालं होतं. “तुला यायचंय ना गं?” असं क्लाइव्हने तिला एकदा, गाडी मागे घेता घेता, आरशात बघून विचारलं होतं. “तुला हवं असेल तर,” ती म्हणाली होती. झालं. तेवढ्यावर घर विकलं गेलं.

बॅरी तिचा धाकटा भाऊ. जन्मतःच डाऊन सिंड्रोम असलेला. आई गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, त्याला संस्थेत ठेवा. बेव्हर्लीने त्याला घरी आणलं. तेव्हा तिचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. त्यानंतर तिचं सगळं आयुष्य बॅरीच्या वेळापत्रकाने चाललं. सकाळी त्याला समुद्रकाठच्या रस्त्यावर नेऊन बसवायचं, प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन पोरांना जेवण वाढायचं, आणि परत येताना त्याला उचलायचं. तो एकाच बाकड्यावर बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून गुड मॉर्निंग म्हणायचा, दुपार झाली तरी गुड मॉर्निंगच. कुत्र्यांनासुद्धा म्हणायचा. चार वर्षांपूर्वी छातीत कफ होऊन गेला. तेव्हा त्या जुन्या, मोडक्या बाकड्याच्या जागी त्यांनी पैसे भरून नवं बाकडं बसवून घेतलं आणि त्यावर पितळेची पट्टी लावली.

पट्टीवर काय लिहायचं यावर थोडी घासाघीस झाली होती. त्या किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या बाकड्यांवर एकच मजकूर असतो: अमुकतमुक, यांना हे दृश्य फार आवडे. मेलेल्या प्रत्येकाला ते दृश्य आवडायचं. जिवंत असताना वाऱ्याला शिव्या घालत घरात बसलेली माणसंसुद्धा मेल्यावर दृश्याच्या प्रेमात. क्लाइव्हला तेच लिहायचं होतं. एवढ्या एकाच बाबतीत बेव्हर्लीने हट्ट धरला. पट्टीवर लिहिलं गेलं: ‘बॅरी रिमर इथे बसायचा.’

आणि बॅरीच्या मर्तिकाच्या चहाला, हॅमचे सँडविच अजून ताटलीत असताना, क्लाइव्ह कोपऱ्यात उभा राहून फोनवर फ्रान्समधली स्वस्त घरं बघत होता. तिने ते पाहिलं होतं. त्या दिवसापासून तिच्या मनात जे साचत होतं, त्याला आज ग्रेव्ही पुसताना नाव मिळालं.

किळस. दुसरा शब्द नाही. राग असता तर बरं झालं असतं. राग ओरडून मोकळा होतो. किळस येते तेव्हा माणसाला नुसतं हात धुवावेसे वाटतात.

तिला क्लाइव्हच्या फ्रेंचची किळस यायची. तो संडासात बसून फोनवर धडे गिरवायचा आणि दाराबाहेर ऐकू यायचं: मला एक ब्रेड द्या, मला एक ब्रेड द्या. ज्या माणसाने जन्मात लसणाला हात लावला नाही, तो आता शेजाऱ्यांना चीजवर व्याख्यानं द्यायचा. ‘हा देश संपला’ हे त्याचं पालुपद होतं. कार्पेट बसवून बसवून गुडघे गेले ते देशामुळे, पाऊस पडतो तो देशामुळे, बस उशिरा येते ती देशामुळे. आणि संपलेल्या देशातून निघताना गठ्ठे बांधले ते कशाचे? बीन्सचे डबे, ग्रेव्हीची पावडर, चहाच्या पिशव्यांची खोकीच्या खोकी. जोडीने बिस्किटांसाठी वेगळी पेटी केली होती. फ्रान्सला जाऊन हे लोक खाणार होते थॉर्नसीच.

सगळ्यात कळस म्हणजे व्हिसा. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचं का, यावर सार्वमत झालं तेव्हा क्लाइव्हने पुढच्या खिडकीत फलक लावला होता. बाहेर पडा! म्हाताऱ्यांना गाडीत घालून मत द्यायला नेलं होतं. आणि यंदा लंडनच्या व्हिसा कार्यालयात रांगेत उभा राहून, विम्याचे कागद, बँकेचे कागद, फोटो हातात धरून हाच माणूस पुढच्याला सांगत होता, “ही काय वागणूक झाली? आधी असं नव्हतं. आधी कोणीही उठून जायचं.” आपल्याच हाताने दाराला कुलूप घालायचं, किल्ली समुद्रात फेकायची आणि मग दार उघडत नाही म्हणून बोंब मारायची. बेव्हर्ली रांगेत त्याच्या मागे उभी होती. पुढच्या माणसाने तिच्याकडे बघितलं तेव्हा ती सवयीने हसली, आणि मग स्वतःच्या हसण्याचीही तिला शिसारी आली.

जेवणानंतर ती भांडी धूत होती आणि क्लाइव्ह पुसत होता. बुधवारी ट्रक येणार, शुक्रवारी घराच्या किल्ल्या द्यायच्या. निम्मी कपाटं उघडी होती. दारासमोर कचऱ्यासाठी भाड्याने आणलेला लोखंडी कंटेनर होता आणि समोरचे शेजारी फिरायला निघाल्याचं सोंग करत त्यातलं काय काय उचलून नेत होते.

“विचारायचं तरी,” ती पाण्यात बघत म्हणाली.

“काय?”

“बाकड्याचं.”

क्लाइव्हने ताट खाली ठेवलं. “अगं, आपण तिथून त्याच्यावर बसणार आहोत का? त्याचा फोटो काढून घे छानसा. पट्टी काढून आण, तिकडे बागेत लावू कुठेतरी. सफरचंदाची झाडं आहेत तिथे.”

“तो सफरचंदाखाली नाही बसायचा.”

“तो आता कुठेच बसत नाही, बेव्ह.”

जोडी दारात येऊन उभी राहिली होती. “आई, बाबांचं बरोबर आहे गं. बाकडं म्हणजे काय मामा आहे का?”

“तू बिस्किटं मोज,” बेव्हर्ली म्हणाली.

जोडी बघतच राहिली. या घरात असं कोणी कोणाला बोलत नसे. ती निघून गेली, आणि क्लाइव्ह बराच वेळ एकच ताट पुसत राहिला.

“बावीस वर्षं त्याच्या पायाची नखं मी कापलीत,” तो शेवटी म्हणाला. “तू कापायला गेलीस की लाथा झाडायचा. आंघोळ मी घातली. दर शनिवारी मॅचला नेऊन आणलं, आणि लोक बघायचे तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचो. कधी तोंड वाकडं केलं? सांग ना. केलं का?”

“नाही.”

“मग? आता तो गेला, मला जरा जगू दे. बाकड्याची नखं नाही कापणार मी.”

हे खरं होतं, आणि तोच मोठा वैताग होता. माणूस नुसता वाईट असला तर त्याला झटकता येतं. ह्याने बॅरीला खांद्यावर घेऊन जिने चढवले होते. आणि ह्यानेच दूधवाल्याबरोबर एका दमात त्याला बंद केलं होतं.

“बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, क्लाइव्ह जुन्या गाद्या टाकायला गेला तेव्हा तिने नगरपालिकेला फोन लावला. फोन घेणारी मुलगी खरोखरच गोड बोलायची.

“बॅरी रिमर यांचं बाकडं ना? हो, सोडल्याची नोंद आहे.”

“हो, म्हणजे, सोडलं. पण सोडायचं नव्हतं. म्हणजे माझ्या मिस्टरांनी… तुम्हाला उगाच त्रास देतेय मी.”

“त्रास कसला! पण काय झालंय ना, ते बाकडं पुढच्या गृहस्थांना दिल्याचं कळवून झालंय. मिस्टर ऑग्डन म्हणून आहेत. पत्नी वारली त्यांची. खूप दिवस थांबले होते बिचारे. उद्या सकाळी स्वतः येऊन पट्टी लावतो म्हणाले.”

“अच्छा. मग राहू दे.”

“त्यांनीच नको म्हटलं तर मी लगेच परत तुमच्या नावावर करून देईन हं. पैसे दुसऱ्या कुठल्याही खात्यातून भरा, फ्रान्समधून भरा. पण ते मी त्यांना कसं विचारणार? तुम्हीच बघा बोलून. आणि तुमची पट्टी काढायला माणूस पाठवू, की तुम्ही येताय?”

“मी येते,” बेव्हर्ली म्हणाली. “खूप खूप आभार हं तुमचे.”

फोन ठेवल्यावर ती रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहिली. एक वाक्य बोलायचं होतं. मिस्टर ऑग्डन, हे बाकडं माझ्या भावाचं आहे, मला ते हवंय, तुम्ही दुसरं घ्या. त्या दिवशी पडदे उतरवताना, पेट्यांवर चिकटपट्टी लावताना ती हेच वाक्य घोकत होती. मला ते हवंय. तोंडाला सवयच नव्हती. लहान पोर नवा शब्द बोलताना अडखळतं तशी तिची जीभ ‘हवंय’पाशी अडायची.

बुधवारी सकाळी ट्रक आला. तीन दांडगी माणसं बूट न काढता घरात शिरली. बेव्हर्लीने क्लाइव्हच्या हत्यारांच्या पेटीतून एक स्क्रू ड्रायव्हर घेतला, पर्समध्ये टाकला आणि आलेच म्हणून निघाली. हत्यार घेतलं ते आपलं लोकांना दाखवायला. पट्टी काढायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

ओहोटी होती. लांबवर नुसता राखाडी चिखल आणि त्याचा कुजका वास. रात्री कुणीतरी बॅरीच्या बाकड्यावर बसून चिप्स खाल्ले होते. व्हिनेगरने भिजलेला कागद फळ्यांच्या फटीत कोंबलेला होता, एका टोकाला च्युइंग गम चिकटवला होता आणि पाठीवर सीगल पक्ष्यांनी पांढरी रांगोळी घातली होती. बेव्हर्लीने कागद काढला. गम नखाने खरवडला. विष्ठा ओल्या रुमालाने पुसली. चार वर्षं ती हे करत होती, आणि चार वर्षांत एकदाही तिला त्याची किळस आली नव्हती. घरातल्या स्वच्छ, चिकटपट्टी लावलेल्या पेट्यांची येत होती.

“माफ करा, तुम्ही बसताय का?”

मागे एक बुटका म्हातारा उभा होता. कोट, गळ्यात टाय, हातात दुकानाची प्लास्टिकची पिशवी.

“नाही नाही, माफ करा, मी नुसतं पुसत होते.”

“मी नंतर येतो. तुमचं चालू द्या.”

“अहो नाही, तुम्ही बसा.”

“आधी तुम्ही.”

दोघंही उभेच राहिले. मग म्हाताऱ्याने पिशवीतून एक भांडी पुसायचं फडकं काढलं, ते उलगडलं. आत नवीकोरी पितळी पट्टी होती.

“ऑग्डन,” तो म्हणाला. “मला हे बाकडं दिलंय. आमच्या आयव्हीसाठी. तुम्ही नगरपालिकेच्या का?”

“नाही. मी बेव्हर्ली. हे…” तिने पाठीवरच्या पट्टीकडे बोट केलं. “हा माझा भाऊ.”

मिस्टर ऑग्डनने चष्मा वर करून पट्टी वाचली. मग पुन्हा वाचली. त्याचा चेहरा उतरला.

“म्हणजे तो? गुड मॉर्निंगवाला?”

“तोच.”

“अहो, मी बस चालवायचो ह्या रस्त्यावर. मी दिसलो की हा उठून उभा राहायचा, दोन्ही हात वर. मी भोंगा वाजवायचो. वाजवायला बंदी होती, पण मी वाजवायचो. एकदा वाजवला नाही तर दुसऱ्या दिवशी पाठ फिरवून बसला होता.” तो हसला, मग त्याने पट्टी पुन्हा फडक्यात गुंडाळायला घेतली. “मला हे कोणी सांगितलंच नाही. मला वाटलं, नवं बाकडं असेल. छे, हे मला नको. हे त्याचं आहे. मी आत्ता फोन करून सांगतो त्यांना. मी थांबलोय एवढे दिवस, अजून थांबेन.”

तो मनापासून बोलत होता. त्याने खिशातून फोनही काढला होता. दार सताड उघडं होतं. बेव्हर्लीने फक्त आत पाऊल टाकायचं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नुसती गप्प राहिली असती तरी पुरलं असतं.

“छे हो, काहीतरीच काय!” बेव्हर्लीचं तोंड म्हणालं. “तुम्ही इतके दिवस थांबलात. आम्ही तर फ्रान्सला चाललो. खुशाल घ्या तुम्ही. मला खरंच काही वाटणार नाही.”

मिस्टर ऑग्डनने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. दुसऱ्यांदा विचारायचं त्याच्या ओठांवर आलं असावं. पण तोही थॉर्नसीचाच. त्याने फोन खिशात ठेवला.

“तुम्ही म्हणताय तर,” तो म्हणाला. “फार उपकार झाले तुमचे.”

“उपकार कसले.”

आपण काय केलं हे तिला कळलं तेव्हा शब्द तोंडातून बाहेर पडले होते आणि म्हातारा फडक्यातून पट्टी परत बाहेर काढत होता. क्लाइव्हची किळस, ट्रकची किळस, बीन्सच्या डब्यांची किळस, सगळं एका बाजूला राहिलं. स्वतःच्या तोंडाचीच तिला अशी किळस आली की तिने रुमालाने ओठ पुसले, आणि त्या रुमालाला सीगलची विष्ठा लागलेली होती हे नंतर लक्षात आलं. ती समुद्राकडे वळून थुंकली. भर रस्त्यात, लोकांसमोर. आयुष्यात पहिल्यांदा.

“बरं नाही का वाटत?” मिस्टर ऑग्डनने विचारलं.

“बरं आहे,” ती म्हणाली आणि पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला.

चार स्क्रू होते. तीन सहज निघाले. चौथा खाऱ्या हवेने गंजून बसला होता. तिने जोर लावला, हत्यार सटकलं, पितळेवर ओरखडा उठला. म्हाताऱ्याने विचारलं, मी बघू का, आणि या वेळी तिने नको म्हटलं नाही. मग त्याने पट्टी खालून बोटांनी धरून ठेवली आणि तिने दोन्ही हातांनी पिळलं. स्क्रू किंचाळला आणि आला. ‘बॅरी रिमर इथे बसायचा’ तिच्या तळहातात आलं. किती हलकी होती ती पट्टी! खाली लाकूड कोवळं, पिवळसर राहिलं होतं. भोवतालच्या फळ्या पावसापाण्याने काळवंडल्या होत्या. तेवढा एक चौकोन मात्र काल रंधा मारून आणल्यासारखा.

मिस्टर ऑग्डनने आपली पट्टी त्यावर धरून बघितली. आयव्हीची पट्टी लहान होती. चारी बाजूंनी तो फिका काठ उरला.

“माप चुकलं का माझं?” तो खजील होऊन म्हणाला.

“नाही. आमचीच मोठी होती.”

त्याने स्क्रू पिळायला घेतले आणि तेवढ्यात तिच्या पर्समध्ये फोन वाजला. क्लाइव्ह. मागे ट्रकवाल्यांचा आरडाओरडा.

“कुठे आहेस गं? ही माणसं विचारतायत, तुझ्या पेट्या ट्रकमध्ये पुढे ठेवायच्या की मागे? आधी काय लागेल तुला?”

“ठेवू नकोस.”

“काय?”

“माझ्या पेट्या ठेवूच नकोस ट्रकमध्ये. मी येत नाहीये.”

क्लाइव्ह हसला. मग थांबला. “बाकड्यावरून? अगं, बाकडं हवं असेल तर मी फोन करतो त्यांना. आत्ता करतो.”

“बाकडं गेलं. बाकड्यावरून नाही. मला यायचंच नव्हतं.”

“मी विचारलं होतं तुला! गाडीत विचारलं होतं!”

“विचारलं होतंस. मी खोटं बोलले.”

पलीकडे काहीतरी जड वस्तू जिन्यावर आपटली आणि कोणीतरी शिवी हासडली. क्लाइव्हचा श्वास ऐकू येत होता, गुडघे दुखायला लागले की यायचा तसा.

“राहशील कुठे?” त्याने विचारलं. “शुक्रवारी किल्ल्या द्यायच्यात.”

“मॅक्सीनकडे. शाळेतली मॅक्सीन. तिची एक खोली रिकामी आहे.”

“तिने बोलावलंय?”

“नाही. मी मागणार आहे.”

मग तो म्हणाला, “किटली पेटीत गेलीय. थांब, बाहेर काढून ठेवतो.” आणि फोन बंद झाला.

बेव्हर्लीने फोन पर्समध्ये टाकला, पट्टीही टाकली. मग ती बाकड्यावर बसली. कोणाला न विचारता. मिस्टर ऑग्डनने सगळं ऐकलं होतं आणि काहीच ऐकलं नाही असा चेहरा करून तो चिखलाकडे बघत होता. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर त्याने फडक्याने आयव्हीचं नाव पुसलं आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून, टेकला.

चिखलात दोन सीगल कशावरून तरी भांडत होते.

मग त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेला सँडविच काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि एक तिच्यापुढे धरला.

“अंड्याचा आहे. घेणार?”

नको, नको, तुम्ही खा, हे सगळं घशाशी तयार होतं. तिने ते गिळलं.

“हो,” ती म्हणाली. “भूक लागलीय मला.”

तिने घास घेतला. अंडं रबरासारखं झालं होतं, ब्रेड ओला गिच्च, आणि मीठ इतकं की जीभ चुरचुरली. मिस्टर ऑग्डन तिच्याकडे बघत होता. कसा झालाय, असं विचारायचं आणि छान झालाय म्हणून सांगायचं, हे इथे ठरलेलंच.

“कसा झालाय?”

बेव्हर्लीने घास गिळला.

“घाण झालाय,” ती म्हणाली.

म्हाताऱ्याने स्वतःच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. हळूहळू मान हलवली.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “ती गेल्यापासून असाच होतोय. कुणी सांगत नव्हतं.”

तिने पुढचा घास घेतला. त्यानेही घेतला. दोघांनी तो सँडविच शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.